शेऱ्याचा रकाना

दत्तू हे रसिकाचं कासव. पुण्याला नोकरीवर रुजू होताना तिने ते आईकडे सोपवलं, बाबांकडे नाही, आणि हे तिने बाबांसमोरच सांगितलं. सुधाकररावांना लागलं, पण बोलायला तोंड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या माशांच्या टाकीला त्यांनी स्वतःच्या हाताने हीटर बसवला होता आणि एका दुपारी चारही मासे पाण्यावर आले होते. "थर्मोस्टॅट अडकला," असं सुधाकरराव अजूनही म्हणत. रसिका म्हणे, "शिजले."

सुधाकरराव भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर हाउसला होते. वाफेचं तापमान एका अंशानेही ढळू न देणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. अशा माणसाच्या घरात एक थाळीएवढं कासव उबेत ठेवायचं काम बायकोकडे जावं, हे त्यांना मुळीच पटेना. दोन दिवस ते जेवताना गप्प बसले. तिसऱ्या दिवशी रसिकाने फोनवरून काम त्यांच्याकडे दिलं, पण अट घातली. रोज संध्याकाळी सात वाजता थर्मामीटरचा फोटो पाठवायचा. एकदा जरी पारा अठ्ठावीसच्या खाली दिसला, तरी तिचा कॉलेजातला मित्र तुषार येऊन दत्तूला घेऊन जाईल. तुषार प्राण्यांचा डॉक्टर, राहायला चार इमली वसाहतीत, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर.

अट कडक होती, पण तिच्यासोबत न मागता एक गोष्ट मिळाली. फोटो गेला की रसिकाचा फोन येई. पूर्वी ती रविवारी फोन करी आणि बाबांच्या वाट्याला दोन वाक्यं येत: "बरे आहात ना? आईला द्या." आता रोज दहा मिनिटं. दत्तूने काय खाल्लं, किती चालला, मान बाहेर काढली का. बोलता बोलता पुण्याची खोली, ऑफिस, डब्यातली भाजी. आयुष्यात पहिल्यांदा मुलगी आपल्याशी बोलते आहे, हे सुधाकररावांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त पाच वाजल्यापासून ते फोन चार्जिंगला लावून ठेवत. दत्तू गेला की हे सातचे फोनही जाणार, एवढा हिशोब त्यांना कळत होता.

म्हणून त्यांनी काम मनावर घेतलं. बाहेरच्या खोलीत टीव्हीचं जुनं उभं लाकडी कपाट होतं. त्याचे कप्पे काढून पुढे काच बसवली. जवाहर चौकातून उष्णता देणारा सिरॅमिकचा बल्ब आणि थर्मोस्टॅट आणला. बल्ब छताला टांगला, आणि थर्मोस्टॅटची उष्णता मोजणारी तार व थर्मामीटर नजरेच्या उंचीवर ठोकले. याला कारण होतं. कारखान्यात असताना सगळे मीटर ऑपरेटरच्या नजरेच्या उंचीवर हवेत, वाकून वाचलेलं रीडिंग चुकतं, अशी सूचना त्यांनी केली होती आणि तिला बक्षीसही मिळालं होतं. बक्षिसाचं घड्याळ त्याच खोलीत टांगलेलं होतं आणि बरोबर चालत होतं.

मग लॉगबुक आलं. वेळ, तापमान, सही, शेरा असे चार रकाने. सकाळची आणि संध्याकाळची पाळी सुधाकररावांची. दुपारी ते झोपत, म्हणून ती बायकोची, रजनीताईंची. रात्रपाळी थर्मोस्टॅटची. दिवसअखेर पानाखाली प्रमुख म्हणून पुन्हा सुधाकररावांची सही.

"शेऱ्यात काय लिहायचं?" रजनीताईंनी विचारलं.

"काही असलं तर लिहायचं."

कारखान्यात या रकान्यात चौतीस वर्षं एकच मजकूर असे: 'सर्व ठीक.' तो रकाना भरायचा असतो, वाचायचा नसतो, हे तिथे शिपायालाही ठाऊक होतं. रजनीताईंना कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबर निभावला. जानेवारीत थंडीची लाट आली, शाळांच्या वेळा बदलल्या, कॉलनीतली माणसं कानटोप्या घालून दूध आणायला जाऊ लागली. दत्तूने जास्वंदीचं फूल खाणं सोडलं. मग मेथी सोडली. कोपऱ्यात डोकं आत ओढून बसू लागला. ही परदेशी जात, गरम मुलखातली. थंडी बाधली की आधी खाणं सुटतं, मग छाती भरते, आणि मग फारसं काही करता येत नाही, असं तुषारने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.  सुधाकरराव कपाटासमोर उभे राहिले. थर्मामीटर एकतीस दाखवत होता.

"अहो, याचे पाय गार लागतात," रजनीताई म्हणाल्या.

"एकतीस आहे."

"असेल हो एकतीस. पाय गार आहेत."

"हात म्हणजे मीटर नव्हे, रजनी."

 फोनवर रसिका रोज विचारी, "पण मग खात का नाही?" आणि सुधाकरराव रोज सांगत, "तापमान तर चोख आहे." दोघांनाही कोडं पडलं होतं. कोडं पडल्यामुळे फोन पंधरा मिनिटांवर गेला होता, आणि त्याचा आनंद होतो म्हणून सुधाकररावांना स्वतःची लाजही वाटे.

पंधरवडा संपला तशी ते सरासरी काढायला बसले. सरासरी तीस पूर्णांक नऊ आली. इतकी सुंदर सरासरी बॉयलरनेही कधी दिली नव्हती. समाधानाने ते रकान्यांवरून बोट फिरवत गेले आणि बोट शेवटच्या रकान्यात गेलं.

'पाय गार.'

खाली: 'पाय गार. गॅलरीत उन्हात नेला. पाऊण तासाने बरे.'

त्याखाली: 'पाय गार. ऊन नव्हतं. मांडीवर शालीत घेऊन बसले.'

अकरा दिवस, अकरा शेरे. आणि प्रत्येक पानाखाली त्यांची स्वतःची वळणदार सही. कारखान्यात एखाद्या इंजिनियरने असं केलं असतं, तर त्यांनी त्याच दिवशी त्याच्या हातात मेमो ठेवला असता.

ते उठले. थर्मामीटर खिळ्यावरून काढला. गुडघे कुरकुरत होते तरी फरशीवर बसले, मग आडवे झाले, हात आत घालून थर्मामीटर दत्तूच्या शेजारी ठेवला. पाच मिनिटं तसेच पडून राहिले. कासवाचा चेहरा त्यांनी एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. दत्तूच्या तोंडावर कसलीही तक्रार नव्हती. पारा उतरत उतरत सतरावर थांबला.

गरम हवा वर जाते, हे सुधाकररावांनी ट्रेनिंगला आलेल्या पोरांना चौतीस वर्षं शिकवलं होतं. कपाटाच्या वरच्या अर्ध्या भागात उत्तम ऊब होती. तिथे कुणी राहत नव्हतं.

रजनीताई हात पुसत बाहेर आल्या. "पडलात की काय?"

"नाही. रीडिंग घेतोय."

सात वाजायला दहा मिनिटं होती. थर्मामीटर पुन्हा खिळ्यावर टांगला, तर फोटोपुरता तो एकतीसवर गेला असता. खालची दुरुस्ती काय, रात्रीतून करता आली असती. कुणाला कळायचं कारण नव्हतं. सुधाकरराव उठून उभे राहिले, त्यांचा हात खिळ्यापर्यंत गेलाही. माझी पोर उद्यापासून फोन करणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मग ते पुन्हा फरशीवर आडवे झाले आणि त्यांनी सतराचा फोटो काढला. दत्तूचा एक पाय त्यात आला.

फोन मिनिटभरात आला.

"बाबा, थर्मामीटर होता कुठे?"

"नजरेच्या उंचीवर."

"कुणाच्या?"

 "माझ्या," ते म्हणाले.

 ती रडते आहे की रागावली आहे, हे त्यांना ओळखता येईना, आणि याही कामात आपला सराव नाही हे त्यांना जाणवलं.

"तुषारला सकाळी पाठवते," रसिका म्हणाली.

"पाठव. अट होती तशी."

तुषार सकाळी आठला आला. त्याने दत्तूला उलटसुलट तपासलं, छातीला स्टेथोस्कोप लावला. मग लॉगबुक मागितलं आणि तापमानाचा रकाना ओलांडून थेट शेरे वाचत गेला.

"काका, लंग्ज सध्या क्लिअर आहेत. काकूंनी ऊन दाखवलं ना, उसी से बचा हा," तो म्हणाला. "पण रिस्क नको. फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे राहू दे. मग बघू."

बघू म्हणजे काय, ते सुधाकररावांनी विचारलं नाही. टोपलीत शाल घालून, शालीत गरम पाण्याची पिशवी घालून दत्तू चार इमलीला गेला.

दिवसभर सुधाकररावांनी काम केलं. कपाट आडवं केलं, खाली थर्माकोल घातला, बल्ब खाली आणला, थर्मोस्टॅटची तार आणि थर्मामीटर तळापासून दोन बोटांवर लावले. वाचायला आडवं व्हावं लागे, म्हणून समोर सतरंजी टाकली. संध्याकाळी तळाशी तीस अंश होते आणि आत कोणी नव्हतं.

फोन त्यांनी चार्जिंगला लावला नाही. सात वाजले तेव्हा ते रिकाम्या कपाटासमोर सतरंजीवर बसून होते. सात वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"आई आत आहे. देतो," ते म्हणाले.

"आईला कशाला? तुम्हीच बोला. किती आहे?"

"दत्तू नाहीये, रसिका."

"माहितीये. खोलीत किती आहे?"

सुधाकररावांनी थर्मामीटर काढून सतरंजीवर ठेवला आणि थांबले. रसिकाही थांबली.

"सोळा."

"आणि तुमचे पाय?"

सुधाकररावांनी फोन कानाशी धरून आपल्या पावलांकडे पाहिलं.  रजनीताई आतून आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पावलाला हात लावला. मग लॉगबुक ओढून शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'पाय गार. मोजे दिले.'

सुधाकररावांनी चष्मा लावून ते वाचलं, दोनदा, आणि मग खाली सही केली.