खारीचा हुंदका

चष्मेवाल्याच्या दुकानाला दर रविवारी दुपारी दोनला कुलूप लागायचं, पण माणसं आतच असायची. मागच्या खोलीत, जिथं एरवी गिऱ्हाइकं एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचतात, तिथं खारीच्या सिनेमाचे भक्त जमायचे. भक्त किती, तर उणेपुरे चार. पण उत्साह असा की चाळीस जणांना पुरून उरावा.

सिनेमा चित्रांचा, लहान मुलांचा, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. त्यात खारीचं एक पिल्लू असतं. झाड तोडायला माणसं येतात, घरचे सगळे दुसरं झाड शोधायला निघतात आणि पाय दुखावलेली ही पोर ढोलीत मागं राहते. जाणाऱ्यांना ती म्हणते, “मी इथंच बसते. तुम्ही या सावकाश.” आणि सगळे दिसेनासे झाले की एक हुंदका. बस, एवढंच. पण त्या हुंदक्यावर एका अख्ख्या पिढीनं रुमाल भिजवलेत.

चौघांना हा सिनेमा तोंडपाठ होता, आणि तोंडपाठ असणाऱ्यांना होतो तो रोगही झाला होता. आपल्याइतकं यातलं कुणालाच कळत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. म्होरके होते मास्तर. त्यांनी जन्मभर मुलांना लघुलेखन शिकवलं, म्हणजे कुणी बोलत जायचं आणि मुलांनी ते खुणांच्या लिपीत भराभर उतरवायचं. त्या कामाचा एक जुना टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होता. त्याला वेगाचं बटण होतं. नवख्यांना मजकूर हळू ऐकवायचा, तयार झालेल्यांना जलद. निवृत्तीनंतर मास्तरांनी हे यंत्र मंडळाच्या सेवेत रुजू केलं. प्रत्येक बैठक पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या चहापर्यंत टेप व्हायची, कॅसेटवर तारीख पडायची आणि ती खोक्यात जायची. पुन्हा ऐकायची कुणाला हौस नव्हती, ती गोष्ट वेगळी.

मास्तरांनी खारीच्या आवाजावर चोवीस पानांची पुस्तिकाही काढली होती. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, “हा आवाज निसर्गाची देणगी असून त्याला यंत्राचा स्पर्शही झालेला नाही.” सिनेमाच्या जाहिरातीतही तसंच छापून यायचं, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

दुसरी नर्सबाई. ती ड्यूटी संपवून थेट यायची आणि तपासणीच्या खुर्चीत डोळे मिटून पडायची. झोपली म्हणावं तर कुणाचा एखादा संवाद चुकला की डोळे न उघडता दुरुस्त करायची. तिसरा टॅक्सीवाला. मनानं सोनं, पण जिभेला हाड नाही. आणि चौथा चष्मेवाला स्वतः.

तशी खोलीत एक पाचवी खुर्चीही होती. गेल्या वर्षी एका रविवारी तिच्यावर चष्मेवाल्याची आई बसली होती. ती एकदाच.

आई तरुणपणी त्या सिनेमाच्या कचेरीत टाइपिस्ट होती. कार्बन लावून संवादांच्या प्रती काढायच्या, एका वेळी पाच, हे तिचं काम. लहानपणी चष्मेवाला ढोलीच्या प्रसंगाला रडायला लागला की ती त्याला पोटाशी घ्यायची नि म्हणायची, “अरे वेड्या, रडतोस काय? ती मीच आहे. आणि मी बघ, तुझ्याजवळच आहे.” पोराला ते पटायचं. पोरांना काय, सगळंच पटतं. पण दहा-बारा वर्षांचा झाल्यावर पटेनासं झालं. पडद्यावर नाव दुसऱ्याच बाईचं, वर्तमानपत्रात फोटो दुसऱ्याच बाईचा, आणि आपली आई म्हणते मीच. वडील हसून म्हणायचे, “तुझ्या आईला स्वप्नंसुद्धा टाइप करून ठेवायची सवय आहे.” घरात तो एक विनोदच होऊन बसला. आईनं कधी वाद घातला नाही. फक्त कुणी बाहेर निघालं की ती दारातून म्हणायची, “मी इथंच बसते. तुम्ही या सावकाश.” शाळेला निघाल्यावर, कामाला निघाल्यावर, वडील शेवटचे हॉस्पिटलात निघाले तेव्हासुद्धा.

ही गोष्ट एकदा चष्मेवाल्याच्या तोंडून निसटली आणि टॅक्सीवाल्यानं हट्टच धरला, मावशींना आणाच. आई आली. ठेवणीतले कपडे, हातात पर्स. मास्तरांचं यंत्र फिरत होतं. “म्हणून दाखवा की,” सगळे म्हणाले. तिनं डोळे मिटले आणि म्हटलं. भरड, जड आवाजात, एकेक शब्द ओढत. हुंदका तर असा लांबला की संपतोय की नाही कळेना. मग टॅक्सीवाला म्हणाला, “मावशी, ही खार आहे की रेडा?” आणि जो हशा पिकला म्हणता!

हसू ओसरेपर्यंत आई थांबली. मग म्हणाली, “मला तेव्हा असंच म्हणायला लावलं होतं. हळू, अजून हळू, असं सारखं सांगत होते.”

मास्तर मायेनं, पण निकाल द्यावा तसे बोलले, “आई, राग मानू नका. सिनेमातला हुंदका दोन सेकंदांचा आहे. तुमचा भरला तीन.”

आणि चष्मेवाला, तिच्या पोटचा पोर, डोळ्यांतलं हसण्याचं पाणी पुसत म्हणाला, “जाऊ द्या हो, आईचं आपलं काहीतरी!”

आई उठली, पर्स घेतली आणि निघाली. तेव्हापासून ती सिनेमाबद्दल चकार शब्द बोलली नाही. दारातलं वाक्यही बंद झालं. चष्मेवाला सकाळी निघायचा, ती आतून कडी लावायची. त्याला हे तिसऱ्या दिवशी जाणवलं. उतरेल राग, म्हणून त्यानं सोडून दिलं. बघता बघता वर्ष झालं. रोज उंबऱ्याशी त्याचा पाय क्षणभर अडायचा, पण विचारायचं कसं आणि कोणत्या तोंडानं?

अशातच एका रविवारी टॅक्सीवाला धापा टाकतच आला. “अहो, बाई बोलल्या! काल रेडिओवर मुलाखत झाली!” बाई म्हणजे खारीचा आवाज असलेल्या अभिनेत्री. वय ऐंशीच्या पुढं, आणि गेली वीस वर्षं त्यांनी कुणाला दारात उभं केलं नव्हतं. टॅक्सीवाल्यानं ती मुलाखत फोनवर लावली आणि फोन टेबलावर ठेवला. नर्सबाईनं चक्क डोळे उघडले.

मुलाखत घेणाऱ्यानं ठरलेलाच प्रश्न विचारला, तो हुंदका तुम्ही कसा काढलात? मग एक थकलेला, चांगलाच खर्जातला आवाज आला.

“तो मी काढलेलाच नाही. आता रागवायला कुणी उरलं नाही, म्हणून सांगते. आम्ही सगळेच साध्या आवाजात बोलायचो, फक्त हळू. खूपच हळू. मग यंत्र जोरात फिरवायचे, की आवाज बारीक व्हायचा आणि बोलणंही वेगात यायचं. हे बाहेर फोडायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. त्या दिवशी माझा घसा बसला आणि काम थांबवून चालणार नव्हतं. टाइप करणारी एक मुलगी होती, लांब वेणीची. ती प्रती घेऊन आत आली, तर हिलाच उभी करा म्हणाले. तिनं एकदाच म्हटलं. मी काचेच्या अलीकडे उभी होते. मला जन्मात तसं जमलं नसतं. त्या हुंदक्यासाठी लोकांनी मला पत्रं लिहिली, मानपत्रं दिली, आणि मी ती घेत राहिले. त्या मुलीचं मी नावसुद्धा विचारलं नाही. असेल कुठं, तर तिनं मला माफ करावं.”

“साफ खोटं!” मास्तर ताडकन उठले. “वय झालंय त्यांचं. आठवत नसेल काही.”

“मास्तर, बाई स्वतः सांगतायत,” नर्सबाई म्हणाली.

“स्वतः सांगितलं म्हणून काय झालं? मी चोवीस पानं लिहिली आहेत!”

टॅक्सीवाला मात्र कधी नव्हे तो गंभीर झाला होता. “मला एक सांगा,” तो म्हणाला, “माझी आई गेली, तेव्हा मी गाडी कडेला लावून तो हुंदका किती वेळा ऐकला, मोजदाद नाही. तो जर यांचा नव्हता, तर मग मी एवढी वर्षं कुणाजवळ रडलो?”

“ज्या कुणाचा होता, तिच्याजवळ,” नर्सबाई म्हणाली. “आमच्या वॉर्डात रात्री कोण कण्हतंय ते मला चेहऱ्यावरून कळत नाही, अंधार असतो. आवाजावरून कळतं, खरं दुखतंय की नाही. तो हुंदका खरा होता. नाव कुणाचं का असेना.”

“पण मग ती मुलगी कुठं असेल?” टॅक्सीवाल्यानं विचारलं आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा उतरला. पाचव्या खुर्चीकडे कुणी बघेना.

चष्मेवाल्याच्या हातात पुसायला घेतलेली एक फ्रेम होती. ती त्यानं खाली ठेवली. “मास्तर,” तो म्हणाला, “गेल्या वर्षीची ती कॅसेट काढा.”

मास्तर खोक्यात शोधायला लागले. तेवढ्यात नर्सबाई हळूच म्हणाली, “मी काही हसले नव्हते हं त्या दिवशी.” “मीही जरासंच,” टॅक्सीवाला म्हणाला. मास्तर म्हणाले, “मी तर फक्त सेकंद मोजले.”

कॅसेट लागली. आईचा भरड आवाज सुरू झाला, एकेक शब्द ओढत. मास्तरांनी वेगाच्या बटणावर बोट ठेवलं, जन्मभर ज्या बटणानं त्यांनी पोरांची परीक्षा घेतली त्याच बटणावर, आणि ते हळूहळू फिरवलं. मग टेप मागं घेतली.

“मी इथंच बसते. तुम्ही या सावकाश.”

खोलीत खार बोलत होती. तीच, पडद्यावरची, पाय दुखावलेली, ढोलीतली. मग हुंदका. मास्तरांची नजर सवयीनं घड्याळावर गेली. बरोबर दोन सेकंद.

टॅक्सीवाल्यानं तोंडावर हात ठेवला. पण टेप थांबली नव्हती. मागोमाग हशा आला, चिमण्यांचं भांडण लागल्यासारखा, आणि त्यात प्रत्येकाला आपापलं हसू ओळखू आलं, नर्सबाईलासुद्धा. “ही खार आहे की रेडा?” चिरक्या आवाजात. “तुमचा भरला तीन,” त्याहून चिरक्या. मास्तर बंद करायला पुढं झाले, तसा चष्मेवाल्यानं त्यांचा हात धरला. “असू द्या. ऐकू द्या.” शेवटी त्याचाच आवाज आला, बारीक झालेला, अगदी दहा वर्षांच्या पोरासारखा: “जाऊ द्या हो, आईचं आपलं काहीतरी!”

मग एकदम सगळे बोलायला लागले. आत्ताच्या आत्ता जायचं, फुलं न्यायची, जाहीर सत्कार करायचा. मास्तरांनी तर पुस्तिकेची दुसरी आवृत्ती जाहीर करून टाकली. “नको,” चष्मेवाला म्हणाला. “सत्कार करा नंतर. आज मी एकटाच जातो.” यंत्र बगलेत मारून तो निघाला.

आई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. ऊन अजून होतं. त्यानं तिच्यासमोर स्टुलावर यंत्र ठेवलं आणि मुलाखतीत जे ऐकलं ते सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

“माफ करावं म्हणाली?” आईनं विचारलं.

“हो.”

“तिचा घसा खरंच बसला होता रे. मीच गरम पाणी नेऊन दिलं होतं तिला.” आणि ती पुन्हा टाके घालायला लागली.

त्यानं कॅसेट लावली, वेगात. आईची सुई अर्ध्यावर थांबली. हुंदका संपेपर्यंत तिनं श्वाससुद्धा घेतला नसेल. चेहऱ्यावर काही तरी उजळल्यासारखं झालं, नि तेवढ्यात त्यानं खटकन यंत्र बंद केलं.

“पुढचं लाव,” आई म्हणाली.

“पुढं काही नाही.”

“आहे. मी होते तिथं.”

आता काय करणार? त्यानं वेग कमी केला आणि लावलं. त्या दिवशी होतं तसंच सगळं पुन्हा झालं. हशा झाला, रेडा झाला, तीन सेकंद झाले, आणि मग त्याचं ते वाक्य, त्याच्याच जाड्याभरड्या आवाजात. आई मान खाली न घालता सगळं ऐकत होती. टेप संपून नुसतीच खरखरत राहिली.

“आई चुकलं माझं,” तो एका दमात म्हणाला आणि उठून यंत्राची वायर गुंडाळायला लागला.

“सावकाश म्हण,” आई म्हणाली. “मी इथंच बसलेय.”

त्यानं वायर सोडली. तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि पुन्हा म्हणाला, हळू, एकेक शब्द सुटा करून.