फाइल रूपाली वापरत आहे

नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीत सहा कॉम्प्युटर वायरीनं जोडलेले होते, पण सगळ्या लॉटची माहिती एकाच फाइलीत, आणि ती रूपालीच्या कॉम्प्युटरवर. तिनं फाइल उघडली की बाकीच्यांनी माशा मारायच्या. पडद्यावर यायचं, ‘फाइल रूपाली वापरत आहे.’ कोणीतरी ओरडायचं, “रूपाली, सोड गं!” ती हसत सोडायची.

रूपाली जाऊन वर्ष झालं. फाइल तिथंच असल्यानं तिचा कॉम्प्युटर कोणी बंद केला नव्हता, आणि फाइल अडली की अजून तिचंच नाव यायचं. हिशेबाच्या पुष्पाबाई रिकाम्या खुर्चीला हात जोडून म्हणायच्या, “रूपाली, सोड बाई.” आणि फाइल उघडायची. हसायला कोणाच्या बापाचं काय जातं? पण ऑफिसात कोणी हसत नव्हतं. कॉम्प्युटरचं सगळं बघणारा राजानंद तर कधी हाकच मारत नसे. रूपाली त्याची बायको. पडद्यावर तिचं नाव राही तेवढा वेळ त्याला बरं वाटे.

सगळ्यांना एकदम काम करता येईल असा डेटाबेस निवडा, असं मालकांनी त्याला कितीदा सांगितलं. तो कधी म्हणे सर्व्हर महाग, कधी म्हणे लाइट जाते. राजानंदराव ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले.

मग एकदा फाइल काही केल्या सुटेना. पुष्पाबाईंनी वैतागून फाइलीची नक्कल काढली आणि उगवण चाचणीत नापास झालेला कपाशीचा लॉट त्या नकलेत नोंदवला. मूळ फाइलीत तो पासच राहिला. घनसावंगीला जाणारी गाडी त्याच लॉटनं भरून निघाली, ती कशीबशी रस्त्यातून परत फिरवली.

पुष्पाबाई राजानंदपुढं रडकुंडीला आल्या. “भाऊ, लोकांनी ते पेरलं असतं म्हंजे? तिला चाललं असतं का हे?”

नसतं चाललं. तिचे सख्खे भाऊ तिकडंच कपाशी लावायचे. राजानंदला स्वतःची लाज वाटली. त्यानं त्याच आठवड्यात सर्व्हरवरचा डेटाबेस निवडला आणि सगळी माहिती तिकडं हलवली. आता पाचही जण एकदम कामाला लागले. कोणी कोणासाठी थांबेना, कोणी कोणाला हाक मारेना. ती शांतता राजानंदला खायला उठली.

दुपारी मालक म्हणाले, “तो जुना डबा बंद करून टाका आता.”

राजानंदनं आधी बाकीच्या कॉम्प्युटरांशी जोडणारी वायर उपटली, मग बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘हा कॉम्प्युटर अजून कोणीतरी वापरत आहे. बंद केल्यास त्यांचं राहिलेलं काम जाईल. तरीही बंद करायचा?’

वायर तर त्याच्या हातात होती. पाचही जण समोर आपापल्या जागी बसलेले. पुष्पाबाईंनी जवळ येऊन पडदा वाचला आणि पदर तोंडाला लावला. “भाऊ, तुम्ही सांगा की तिला. तुमचं ऐकंल ती.”

राजानंदनं ‘नाही’ दाबलं. तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून तो बसला.

“बिलकुल जल्दी न्हाई,” तो म्हणाला. “होऊ दे तुझं. मी बसून राह्यलो हितं.”