नौफलचं रक्त

रौदाने बोटाला सुई टोचली तसा नौफल नेहमीसारखा ओरडला.

"अगं, हळू! माणसाचं बोट आहे हे, मासळीबाजारातला ऑक्टोपस नव्हे."

"तुझ्या जिभेलाच टोचायला हवी होती."

पण तिच्या थट्टेत जीव नव्हता. स्फाक्स शहराच्या विद्यापीठातल्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत पंखा नुसती गरम हवा ढवळत होता, आणि आदल्याच दिवशी त्यांच्या यंत्राने धडधाकट माणसांना एकामागून एक आजारी ठरवलं होतं.

यंत्र म्हणजे काडेपेटीएवढी काचपट्टी. तिच्यात केसाहून बारीक वाहिन्या कोरलेल्या. रक्ताच्या थेंबात लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळायचे. हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात एक प्रथिन उतरतं, ते या कणांना चिकटतं. मग खालचे चिमुकले चुंबक एकामागून एक चालू होतात आणि कणांना ओढत शेवटच्या खिडकीपाशी नेतात. प्रथिन असेल तर खिडकी उजळते. जिथून मोठं इस्पितळ गाठेपर्यंत माणूस हातचा जातो, अशा गावांतल्या दवाखान्यांसाठी हा सगळा खटाटोप होता.

कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात कण वळणावर येऊन एकमेकांना बिलगायचे, गुठळी व्हायची, आणि खिडकी मन मानेल तेव्हा उजळायची. कणांवरचा लेप रौदाचा, चुंबक नौफलचे. त्यामुळे गेली कित्येक वर्षं दोघांचं भांडण एकच: खोट लेपात की चुंबकांत? प्राध्यापकांनी आता दोघांनाही निर्वाणीचं सांगितलं होतं, उन्हाळा संपेपर्यंत जमलं नाही तर खोली रिकामी करा.

थेंब पट्टीत उतरला. रौदाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कण निघाले. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. ती गुठळीची वाट पाहत राहिली. गुठळी झालीच नाही. मुंग्यांची रांग चालावी तसे कण सुटे सुटे, शिस्तीत पुढे सरकले.

"गप्प का झालीस?"

"चालतायत," ती हळूच म्हणाली.

नौफलने तिला जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. "अल्हम्दुलिल्लाह! चुंबकांचा वेग बदलला म्हणून. सांगत नव्हतो मी?"

तेवढ्यात खिडकी उजळली.

त्याचा चेहरा पडला. "झालं, परत तेच. तुझा लेप, रौदा. मी ठणठणीत माणूस आहे."

रौदाने दुसरी पट्टी घेऊन तिच्यात स्वतःचं रक्त घातलं. कण तसेच सुरेख सरकले, खिडकी काळीच राहिली. तिसरीत पुन्हा नौफलचं घातलं. उजळली. खोट काढायला जागाच उरली नाही. तिने मान वर केली. नौफल डावा खांदा चोळत होता. त्याच्या कपाळावर घाम होता, पण घाम तर तिच्याही कपाळावर होता.

"छातीत काही होतंय का रे?"

"सकाळी हरभऱ्याची लबलाबी खाल्ली. तिखट हरीसा चटणी जरा सढळ हाताने पडली, म्हणून जळजळतंय."

रौदाने हातमोजे काढले. "इस्पितळातून नमुने आणायचेत. चल."

"या उन्हात?"

"आत्ताच. चावी दे, गाडी मी चालवते."

"म्हणजे आज मरण नक्की," तो हसला.

ती हसली नाही.

तातडीच्या विभागात तिने खरं काय ते सांगून टाकलं, तेव्हा नौफल भडकला. "डॉक्टर, या बाईच्या काचेच्या तुकड्याचं काही ऐकू नका. काल त्याने आमच्या दरवानालाही मरणाच्या दारात बसवलं होतं!"

तरुण डॉक्टरलाही हसू आलं. तरी त्याने हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं. निकाल आला. सगळं ठीक होतं.

रौदाने भिंतीला पाठ टेकली. यंत्र चुकलं होतं. इतक्या वर्षांत यंत्र चुकल्याचा तिला पहिल्यांदाच आनंद झाला. खोली जाऊ दे, नाव जाऊ दे. हा भांडखोर माणूस घरी जाईल, एवढं पुरे.

नौफल एका पायात बूट चढवून नाडी बांधू लागला. "चल, घरी सलवा जेवायची खोळंबली असेल."

दमलेल्या अंगाला तेच हवं होतं. पण ती मुंग्यांची रांग डोळ्यांपुढून हलेना. रौदा वाकली, त्याचा दुसरा बूट उचलला आणि मांडीवर घेऊन बसली.

"पुन्हा रक्त घेईपर्यंत हा मिळायचा नाही."

"वेड लागलंय तुला?"

"हो."

डॉक्टर म्हणाला, "थांबाच. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा बघतोच आम्ही."

सलवा धावतपळत आली आणि नवऱ्याला सोडून आधी रौदावरच उखडली. "काळजाचं पाणी केलंस गं माझ्या! ठीक आहे म्हणतात ना सगळं?"

"ठीकच असू दे," रौदा म्हणाली.

दुपार कलली. डॉक्टर परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "रक्तातलं ते प्रथिन वाढलंय. अगदी सुरुवात होती, आमच्या यंत्राला तेव्हा दिसली नाही. तुमच्या यंत्राला दिसली." त्याने हात पुढे केला. "अभिनंदन, मॅडम."

रौदाला तो हात दिसलाच नाही.

"पुन्हा एकदा तपासून बघा ना," ती म्हणाली. "काहीतरी चूक असेल. होतात चुका. मला माहीत आहे."

"चूक नाहीये," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला, आणि त्याने ढकलखुर्ची मागवली.

हृदयाची बंद होत आलेली रक्तवाहिनी त्यांनी उघडली, आत जाळी बसवली. वेळेत आणलंत, असं दोघातिघांनी येऊन सांगितलं. सलवाने रौदाचं मनगट धरलं होतं, ते नौफलला वॉर्डात आणेपर्यंत सोडलं नाही.

दिवस मावळायला आला होता. नौफलने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"प्राध्यापकांना फोन केलास?"

"नाही."

"अगं, खरं ठरलं ना यंत्र? मग तोंड का असं? जरा आनंद कर की."

"उद्या करीन," रौदा म्हणाली. उतरतं ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं. ती उठली आणि तिने पडदा ओढून घेतला.