डुकराचं डोकं कुणाचं?

सरपंच पोल्ताकनं तोबा तळ्याकाठच्या गावधक्क्यावर लाल बदामाच्या आकाराची कमान ठोकली, पुढं फाटक बसवलं आणि फाटकाला कुलूप घातलं. आता तिथं पर्यटकांनी फोटो काढायचे, गावानं बोटी लावायच्या नाहीत. बापआज्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ज्याचे दगड रचले, तो धक्का! पलीकडच्या बाजाराची बोट धरायची तर शेजारच्या गावी जा. तासाभराची चढण, डोक्यावर कांद्याची टोपली, आणि बिन्सारची बायको तियोमिन गुडघ्यानं अधू. दोन शनिवार तिचा बाजार बुडाला होता.

बिन्सार सांगायला गेला. बाप्याला तिकडं मानानं 'आमांग', म्हणजे बाबा, म्हणायची रीत. "आमांग, निदान शनिवारी तरी फाटक उघडा."

"फोटोत कांदे कसे दिसतील, आमांग?" सरपंच हसला. "जरा पुढचं बघायला शिका."

पुढचं म्हणजे ह्याचं पोट, बिन्सार मनात म्हणाला. मान खाली घातली की तेवढंच दिसतं मेल्याला.

उद्घाटनाला डुक्कर कापलं. वाटे पाडायचे आणि नाव पुकारून ज्याचा त्याला द्यायचे, हे काम तीस वर्षं बिन्सारकडं होतं. भर सभेत पुकारलं ते पक्कं. पुकारलेला वाटा फिरवायची कुणाची छाती नव्हती. जिल्ह्याचे साहेब खुर्चीत बसले होते. शेजारी सरपंच, खांद्यावर कोरी विणलेली शाल टाकून, नवरदेवासारखा ताठ.

सरपंचाच्या बायकोच्या माहेरच्यांचा वाटा गेला, भाऊबंदांचा गेला. ताटात डोकं उरलं. रीतीनं ते जागेच्या धन्याचं.

"सरपंच," बिन्सारनं आवाज चढवला, "हे कुणाच्या नावानं पुकारू? धक्का तुमचा की गावाचा?"

'माझा' म्हणावं तर कमान सरकारी पैशातली आणि साहेब मांडीला मांडी लावून बसलेले. 'गावाचा' म्हणावं तर डोकं गेलं, आणि फाटकही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"गावाचाच की," सरपंच पुटपुटला.

"मागं ऐकू गेलं नाही!"

"गावाचा!"

"ऐकलंत सगळ्यांनी? धक्का गावाचा! डोकं शनिवारी बोट धरणाऱ्या बायांचं!" बिन्सारनं ताट तियोमिनपुढं सरकवलं. "सरपंच, तुम्हाला पाहुण्यांच्या पातेल्यातलं वाढतील. पोटभर खा."

सभेत हशा पिकला. काही न कळून साहेबही हसले.

जेवणं झाल्यावर सरपंच किल्ली नाचवत आला. तियोमिनला आई म्हणून हाक मारताना आवाजात साखर होती. "इनांग, शनिवारी सकाळी घरी येऊन ही घेऊन जात जा. दुपारी आठवणीनं परत द्यायची हं."

तियोमिन गुडघा दाबत उठली. तिनं ताट कमरेला लावलं.

"किल्ली काय चाटायचीय? दगड माझ्या सासऱ्यानं वाहिलेत. कुलूपच काढा आणि गळ्यात अडकवा. फोटोत शोभेल."