धुवायला गेलेला गालिचा

“मास्तरांनी पडदा लावला आणि दार उघडले. त्यांच्या कानाला ना वंश होता, ना वर्ण, ना स्त्री-पुरुष हा भेद. विविधतेचा असा कैवारी पुन्हा होणे नाही.”

वाद्यवृंद उभारणाऱ्या मास्तरांच्या स्मृतिदालनात शिरताच समोरच्या भिंतीवर हे विधान हातभर अक्षरांत रंगवलेले होते, आणि त्याखाली पुरावा म्हणून वाद्यवृंदाच्या निवड चाचणीचा तो विख्यात काळा पडदा टांगलेला होता. पडद्याच्या एका अंगाला परीक्षकांच्या खुर्च्या, दुसऱ्या अंगाला लाकडी मंच. उमेदवाराने मंचावर चालत यायचे, मधोमध थांबून वाजवायचे. परीक्षकांनी पाहायचे नाही, फक्त ऐकायचे.

मावशीने विधान दोनदा वाचले. संगीताचा इतिहास शिकवण्यात हयात गेल्यामुळे स्तुती दिसली की तिच्यातून काय वगळले आहे हे शोधायची तिला खोड होती. इथे फार शोधावे लागले नाही. पडदा होता, मंच होता, गालिचा नव्हता.

पडदा आला त्या पहिल्या चाचणीत मंचावर जाड गालिचा अंथरलेला होता. शेवटी पडदा सरकला तेव्हा निवडलेल्यांत बायका निघाल्या, कुबडी घेतलेला एक बासरीवादक निघाला, आणि मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. निकाल ‘तांत्रिक कारणाने’ रद्द झाला, चाचणी पुन्हा ठरली, आणि गालिचा धुवायला गेला. तो अजून धुवून यायचा आहे.

गालिच्यावाचून फळ्या चहाड्या करतात. उंच टाच वेगळी वाजते, कुबडी वेगळी, रबरी चप्पल वेगळी. डोळ्यांवर पट्टी आणि पायांवर पाळत, अशी न्यायाची मूर्ती मास्तरांनी स्वतः घडवली होती. नकोसे पाऊल कानी आले की दोन सुरांच्या आत घंटी वाजे: “धन्यवाद, पुढचा उमेदवार.” पक्षपाताचा आळ घ्यायचा तरी कोणावर? मध्ये पडदा होता ना!

मावशी स्वतः या मंचावरून आधी घंटी ऐकून आणि पुढच्या वर्षी निवड होऊन उतरली होती. मधल्या काळात तिचे व्हायोलिन काही फारसे सुधारले नव्हते. तिने थोरल्या भावाचे बूट बोळे कोंबून घातले होते, इतकेच. आता दालनात तिचा फोटो लागला होता, ‘मास्तरांनी निवडलेली पहिली स्त्री’, आणि या पुण्याईवर उद्घाटनाला चार गोड शब्द बोलायला तिला बोलावले होते.

“मावशी, तोंडाला आवर घाल हं,” शेजारी उभी असलेली भाची कुजबुजली. “सोमवारी चाचणी आहे माझी. हाच पडदा, हाच मंच, परीक्षकही हेच.”

“गेल्या वर्षी किती वाजवलंस?”

“तुला माहितीये.”

“परत सांग.”

“गज तारेला टेकवला, तेवढ्यात घंटी.” भाचीने डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला. लहानपणीच्या आजारापासून तो पाय ओढतच चाले. “उगाच वैर नको गं. या खेपेला ऐकतील कदाचित.”

“तू मधोमध पोचायच्या आत त्यांचं ऐकून झालेलं असतं, बाळ. मला निदान दादाचे बूट होते. तुला कुठले आणू?”

भाचीने काखेतले व्हायोलिन सावरले.

वाद्यवृंदाचे आताचे संचालक म्हणजे मास्तरांचे पट्टशिष्य. मास्तर असताना ते परीक्षकांत त्यांच्या उजव्या हाताला बसत. आता त्यांच्याच खुर्चीत बसतात. भाषणात त्यांनी ‘सर्वसमावेशक’ हा शब्द इतक्यांदा वापरला की त्यात आता फक्त माणसेच मावायची राहिली होती. मग त्यांनी मावशीला पुढे बोलावले.

“मास्तरांनी मला निवडलं, असं इथे लिहिलंय,” मावशी म्हणाली. “मास्तरांनी माझ्या दादाचे बूट निवडले. बूट आज येऊ शकले नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने आभार मी मानते.”

लोक हसले. संचालकही हसले; विनोद कोणावर आहे हे कळण्यापूर्वी हसून घ्यावे, असा त्यांचा शिरस्ता होता.

“मास्तरांचा कान तुमच्याकडे आलाय म्हणतात, साहेब. पाहुण्यांना दाखवा की! बसा त्या खुर्चीत.”

हरभऱ्याच्या झाडावर चढायला शिडी लागत नाही. संचालक हातातल्या माईकसकट पडद्यापलीकडे जाऊन बसले. मावशीने अलीकडच्या पाहुण्यांतून एकेकाला मंचावरून चालायची खूण केली.

“उंच टाचा. बाई,” पलीकडून आवाज आला. टाळ्या पडल्या.

“काठी. वयस्कर गृहस्थ.” आणखी टाळ्या.

“रबरी चपला. हा कोण आगंतुक? उतरवा त्याला खाली!”

तो मुख्य देणगीदारांचा चिरंजीव होता. हशा जरा अडखळला.

पुढची खूण मावशीने केलीच नव्हती. भाची आपणहून, व्हायोलिन काखेत धरून, मंचावर चढली.

“डावा पाय ओढतोय,” संचालक आता रंगात आले होते. “ही गेल्या वर्षीची मुलगी! तेव्हाही मी लगेच ओळखली होती.”

एकही टाळी वाजली नाही.

“मी अजून वाजवलं नाहीये, सर,” भाची म्हणाली. “गेल्या वर्षीही वाजवलं नव्हतं.”

मावशी तडक दाराकडे गेली. बड्या पाहुण्यांसाठी तिथे कोराकरकरीत लाल गालिचा अंथरला होता. तिने त्याचे एक टोक धरून ओढले. दुसरे टोक कोणी न सांगता उंच टाचांच्या बाईंनी उचलले, आणि काठीवाले गृहस्थ काठीने गर्दी बाजूला सारत पुढे झाले. गालिचा मंचावर पसरला.

“काय चाललंय तिकडे?”

“गालिचा धुवून आलाय, साहेब,” मावशी म्हणाली. “सोमवारी चाचणी होईपर्यंत इथेच राहील.”

भाची मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पाय नेहमीसारखाच ओढत होता. फळ्यांनी चहाडी केली नाही. तिने व्हायोलिन खांद्याला लावले.

“कोण आहे मंचावर? बोला ना कोणीतरी!”

गज तारेला टेकला, आणि पहिला सूर संपायच्या आत संचालकांचा तोल सुटला. माईक चालूच होता. भरल्या दालनाने ऐकलेले शब्द असे, यात पदरचे काही घातलेले नाही:

“आधी तो गालिचा काढा! मास्तरांनी तो उगाच नव्हता काढायला लावला. पाय ऐकू आले नाहीत, तर कोणाचं वाजवणं ऐकायचं आणि कोणाचं नाही, हे आम्ही ठरवायचं कसं?”