सतरंजीखालची भुई

वर्षाराणीनं सावलीची सगळी झाडं सोडली आणि सतरंजी अंथरली ती नेमकी त्या बोडक्या जागेवर. गवताची काडी नव्हती तिथं. पांढरट, खारवलेली भुई आणि वर मे महिन्याचं ऊन. तिनं डोक्यावर पदर ओढला, लसणाची टोपली पुढ्यात घेतली आणि मांडी घालून बसली. आता कुणी उठवून दाखवावंच.

पन्हाळ्याच्या पायथ्याचा हा माळ धैर्यशीलचा. बापाच्या उसाला लागून होता, कुसळं सोडून काही उगवायचं नाही. त्यानं तो सपाट केला, तंबू ठोकले, कमान उभारली, आणि कॅरव्हॅन घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांना गाडी लावायला जागा आणि लाईटचा पॉइंट द्यायला लागला. बोलायला असा गोड की मुंग्या लागाव्यात. पावणं हे घ्या, काकी ते घ्या. वर्षाराणीच्या कानावर त्याचा आवाज नुसता पडला तरी तळपायाची आग मस्तकात जायची. आज त्यानं स्वतःची नवीकोरी कॅरव्हॅन आणली होती, भाड्यानं द्यायला. संध्याकाळी तिची पूजा, आणि पूजेला कोल्हापूरची मोठी मोठी मंडळी यायची होती. तो मुहूर्त बघूनच वर्षाराणी आली होती.

बाई मुळात भांडकुदळ नव्हे हो. कसबा बावड्यात सरळ संसार केलेली. नवरा सयाजीराव एका कारखान्यात इलेक्ट्रिक खात्याचा फोरमन. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतली बाकडी उपसून टाकली, पलंग, ओटा, फ्रीज, एसी सगळं बसवलं. वायरचा तुकडा न् तुकडा स्वतःच्या हातानं ओढला. दोघांनी त्या गाडीतनं गोकर्ण केलं, हंपी केली. रस्त्याकडेला चहा टाकायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी दाखवायची, असं मजेत चाललं होतं. मग गेल्या दिवाळीत इथं मुक्कामाला आले आणि सगळं बसलं.

दिवेलागणीची वेळ होती. गाडी पॉइंटला जोडलेली, आत एसी चालू. वर्षाराणी भांडी धुऊन अनवाणीच आली, ओल्या हातानं दाराचं हँडल धरलं, आणि करंटनं तिला असं धरलं की सुटेना. सयाजीरावांनी लाकडी पाट मारून हात सोडवला म्हणून ती वाचली. उजव्या हाताची बोटं मात्र तेव्हापासून बधिर. लसूण सोलायचा तर डाव्या हातानं.

पण खरा घाव त्यानंतर बसला. थोड्या वेळानं धैर्यशील मीटर घेऊन आला आणि चारचौघांत त्यानं आपला पॉइंट तपासून दाखवला. दोनशे तीस व्होल्ट, आकडा हलेना. काका, माझी लाईन चोख आहे, म्हणाला, घरात बनवलेल्या गाडीचं असंच असतंय, काकींचं नशीब बलवत्तर. तेही गोड आवाजात. ते ऐकून सयाजीराव जे गप्प झाले ते झालेच. घरी येऊन त्यांनी गाडीची सगळी वायरिंग उकलली, पुन्हा जोडली, पुन्हा उकलली. दोष सापडेना. सापडला असता तर बरं झालं असतं. आपल्या हातची वायर बायकोला मारणार होती आणि कुठं चुकलं तेही आपल्याला कळत नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं. घरातला साधा बल्ब बदलायलासुद्धा ते माणूस बोलवायला लागले. हौसेनं बांधलेली गाडी मोडीत घालायचं ठरलं. मोडवाला सोमवारी यायचा होता.

हात गेला तर गेला, वर्षाराणी मनात म्हणायची, डावा आहे अजून. पण ह्या मेल्यानं माझा माणूस जिवंतपणी खाल्ला. आणि ते मी ह्याला पचू देणार नाही.

धैर्यशीलनं हे कसं केलं ते तिला कळलं माहेरी, हातकणंगल्याकडं. भावाच्या रानात विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत बसली होती. बल्ब मंद झाला, लाल झाला. भावानं काही न बोलता बादली उचलली, खोपीमागं जाऊन मिठाचं पाणी भुईत ओतलं, आणि बल्ब लख्ख पेटला. ह्यात नवल कसलं, लहानपणापासून बघितलेलं. रानात दोन तारा नीट मिळत नाहीत, मग लोक एक तार खांबावरनं घेतात आणि दुसरी लोखंडी कांबीला बांधून कांब जमिनीत पुरतात. भुई ओली आहे तोवर झकास चालतं. भुई वाळली की करंटला जायला वाट राहत नाही, मग तो जोडलेल्या वस्तूच्या पत्र्यात येऊन बसतो. तिच्या बापानंही तेच केलेलं. खोपीतला एक बल्ब चालतो तर माळावरच्या गाड्याही चालतील, असं वाटणारा गडी आपल्याच मातीतला असणार की.

आणि मग तिला ती संध्याकाळ पुन्हा दिसली. ती मातीत आडवी पडली होती, आणि धैर्यशील भरलेली बादली घेऊन पळत येत होता. तिला वाटलं होतं, पोरगं आपल्या तोंडावर पाणी मारायला धावतंय. तो तिला ओलांडून गेला. झाडामागच्या बोडक्या जागेवर त्यानं ती बादली पालथी केली. तिच्या ओठाला थेंब लागला नाही. मीटर आणला तो त्याच्यानंतर.

तिनं नवऱ्याला हे सांगितलं, एकदा नव्हे, दहादा. माझी समजूत काढायला रचतेस, असं म्हणून ते तोंड फिरवायचे. वीज कंपनीत तक्रार करावी, तर साहेब कमानीतनं आत यायच्या आधी बादली ओतली जाणार. म्हणजे जे दाखवायचं ते डोळ्यांनीच दाखवायला पाहिजे होतं, आणि तेही गाडी मोडीत जायच्या आत.

विकायच्या आधी एक शेवटचा मुक्काम तिथंच करायचा, असा तिनं हट्ट धरला. सयाजीराव ऐकेनात, तेव्हा जेवण सोडलं, तेव्हा ऐकले. येताना तिनं एक पिवळी पेटी मागवून आणली होती. ती पॉइंट आणि गाडी यांच्या मधे जोडायची. येणारी लाईट पेटी आधी तपासते, बरी असली तरच गाडीत सोडते, बिघडली की तिथंच तोडते. दोष गाडीत असताना पेटी काय करणार, असं पुटपुटत सयाजीरावांनी ती जोडून दिली. सकाळी पेटीवर हिरवा दिवा लागला. लागणारच, सकाळची बादली ओतून झाली होती.

आता दुपारची ओतायची होती, आणि भुईवर वर्षाराणी बसली होती.

आधी धैर्यशील नुसताच आला. काकी, ऊन लागंल, झाडाखाली बसा की. ती म्हणाली, हाडं शेकतोय, बरं वाटतंय. मग त्यानं खुर्ची आणली. ती तिनं टोपली ठेवायला घेतली. मग स्वारी भरली बादली घेऊन आली आणि म्हणाली, झाडाला पाणी घालायचं होतं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, कुठल्या झाडाला? हितं तर गवतबी न्हाय. धैर्यशील उभा राहिला, हसला, बादलीचा हात बदलला आणि आला तसा परत गेला. काय सुख झालं म्हणता तिला. आत कुठंतरी गार गार वाटलं.

माळ तापत गेला. नव्या कॅरव्हॅनचा एसी सकाळपासून चालूच होता, पाहुण्यांना आत गारवा लागला पाहिजे ना. तंबूंवरच्या माळा दिवसाच लावलेल्या, त्या पिवळ्या पडायला लागल्या. एसी घुरघुरायला लागला, थांबायचा, परत कण्हत सुरू व्हायचा. आणि पिवळी पेटी ओरडली. तिच्यावरचा आकडा उतरत उतरत दीडशेच्या खाली आला होता. लाल दिवा लागला आणि तिनं गाडीची लाईट तोडली.

वर्षाराणीनं बसल्या जागेवरनं सांगितलं, आता पिनच काढून टाका. सयाजीराव लाईटच्या बोर्डाशी गेले आणि त्यांनी पिन उपसली. मग पिन हातात धरून ते पेटीकडं बघत राहिले, बराच वेळ. मग सतरंजीकडं. तिथनं ते हललेच नाहीत.

ऊन कललं तशी मंडळी आली. नव्या गाडीपुढं पाण्याचा सडा मारलेला, सगळ्यांनी पायताणं लांब काढलेली. धैर्यशील पण अनवाणी, नवा फेटा बांधून. अजून एक पाहुणे यायचेत, जरा दम काढा, असं तो दोनदा म्हणाला. पण पूजेचं ताट पुढं आलं. तसा तो गडबडीनं बोर्डाकडं निघाला.

"धैर्यशीलराव," वर्षाराणी म्हणाली, आणि असं म्हणाली की सगळी मंडळी वळली. "तुमची लाईन चोख हाय न्हवं? मग आज मालकानंच पहिलं हँडल धरावं. बाकी कुणी गाडीला हात लावू नका."

तो हसला. एक मिनिट बटण बंद करतो, म्हणाला. पण बोर्डापुढं सयाजीराव उभे होते आणि ते बाजूला झाले नाहीत. पाहुण्यांतल्या कुणीतरी मोबाईल वर धरून म्हटलं, धरा की राव, मुहूर्त चाललाय. धैर्यशील गाडीपाशी आला. हात पुढं केला. हँडलपासून चार बोटांवर हात थांबला, आणि फेट्याखालनं घाम गळायला लागला. सगळे त्या हाताकडं बघत होते. त्यानं तो मागं घेतला.

"काकी, उठा तिथनं."

"कशापायी?"

"उठा म्हणतोय न्हवं."

"मी बसलोय हितं. तुमी हँडल धरा."

"आधी उठा. तेवढं पाणी घालू द्या. पाया पडतो, मग धरतो."

 मागं एसी कण्हत होता. सयाजीरावांनी विचारलं, हळूच विचारलं, "पाणी कशाला घालायचं?"

धैर्यशीलनं सतरंजीकडं बोट दाखवलं.

"कांब हाय तिथं," तो म्हणाला. "भुई वाळली की..."

"त्या दिवशीबी वाळलीती?"

"व्हय."

सयाजीराव वळले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. एसी बंद पडला, माळा विझल्या. मग ते चालत धैर्यशीलपुढं जाऊन उभे राहिले. मंडळींना वाटलं, म्हातारा आता थोबाडीत देणार. पाहिजेच होती. वर्षाराणीनं तर वाटच बघितली. पण त्यांचा हात वर गेला नाही.

"सहा म्हैनं," ते म्हणाले, "मी हिच्या हाताकडं बघितलं न्हाय."

पाहुणे एकेक करून पायताणं शोधायला लागले. कमानीबाहेर गाड्या सुरू झाल्या. धैर्यशील येऊन सतरंजीपाशी वाकला, काकी चुकलं म्हणाला, पाय धरायला गेला. वर्षाराणीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. माफी मागायला आलेल्याला माफ करावं असं तिलाही लहानपणी शिकवलं होतं. पण तिला नव्हतं करायचं, आणि तिनं नाही केलं.

सयाजीराव येऊन तिच्या शेजारी सतरंजीवर टेकले. तिचा उजवा हात त्यांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून बघायला लागले. करंगळी झाली, अनामिका झाली. डोळ्यांतनं पाणी चाललेलं, तरी ते दाबत होते. कळतंय का काही, त्यांनी विचारलं.

धैर्यशील अजून तिथंच वाकलेला होता. वर्षाराणीनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

"न्हाय."