मावशीचे टाके

"अहो, पाद्रीबुवांच्या पायाचं नख अडकेल यात!" लॉक्रिजबाईंनी गोधडीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बायका खुदकन हसल्या.

केझायामावशी नुकतीच उठून दाराबाहेर पडली होती. गाय धारेला आली होती आणि घर लांब. चौकटीवर ताणलेल्या गोधडीच्या तिच्या बाजूचे टाके लांब आणि वाकडे पडले होते; नांगरता नांगरता बैल बुजावा तसे.

थर्झानं मान खाली घातली. घर तिचं, चौकट तिची. येत्या रविवारी ही गोधडी साऱ्या वस्तीसमोर दोरीवर टांगायची आणि मग पाद्रीबुवांच्या खोगिरामागे बांधून द्यायची. इतकी वर्षं ते घोड्यावरून येत, मातीच्या ढेकळांच्या घरांत उभं राहून उपदेश गात. स्वर चढला की दगडासारखी माणसंही विरघळत. देवच दाराशी येऊन उभा आहे असं वाटे. आता ते थकून मुलाकडे ओहायोला निघाले होते.

"टांगल्यावर लोक विचारणारच, कुणाच्या घरी शिवली?" लॉक्रिजबाई म्हणाल्या. त्या नव्या दुकानदाराच्या बायको. अख्ख्या वस्तीत लाकडी जमीन त्यांच्याच घरात होती.

"मावशीला हल्ली नीट दिसत नाही हो," थर्झा पुटपुटली.

"मग शेंगा सोलाव्यात माणसानं!"

"उसवायचं आणि गुपचूप पुन्हा घालायचं," म्हातारी हुल्डा म्हणाली. "तिला काय कळतंय? माझ्या सासूचे मी ती मरेपर्यंत उसवले. स्वर्गात गेली बिचारी, आपले टाके बारीक आहेत म्हणत!"

सगळीकडे असंच करतात, हे खरं होतं. थर्झानं कात्री उचलली आणि पहिल्या टाक्यापाशी थबकली. खिडकीतून लेकीच्या थडग्याचं टेकाड दिसत होतं. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात तिची तान्ही लेक गेली, तेव्हा शवपेटीला फळी मिळेना. मैलोन्‌मैल झाडच नव्हतं. केझायामावशी बर्फ तुडवत आली होती, आपल्या लग्नातली, आईच्या हातची गोधडी खांद्यावर घेऊन. "उघडी कशी पाठवायची देवाकडे?" एवढंच म्हणत तिनं बाळाला तीत गुंडाळलं होतं. तो हिवाळा तिनं स्वतः गोणपाटावर काढला.

थर्झानं टाका कापला. मग दुसरा. तिसऱ्याला हात सरावला.

"माझं बोटातलं अंगुस्तान राहिलं गं," दारातून आवाज आला.

मावशी चाचपडत आपल्या जागी आली. अंगुस्तान शोधणारी बोटं कापडावरून फिरली आणि सुईच्या मोकळ्या भोकांवर थांबली. पुन्हा मागे गेली. पुन्हा थांबली.

"मावशी, ते..." थर्झानं कात्री मांडीखाली सरकवली.

"कळलं." मावशीनं शाल काढली आणि बसली. "सरळ सांगायचंस की, पोरी. मीही लोकांचे उसवलेत. तरुणपणी फार तोरा होता."

"राहू दे, मी करते ना."

"तू कापतेयस. कापलेला दोरा फुकट जातो. ओढून काढावा. मला कुठून सुरू होतंय ते दिसत नाही. जरा बोट धरून ठेव."

थर्झानं ते गाठाळ बोट धरलं आणि वाकड्या टाक्यावर ठेवलं. मावशी पाद्रीबुवांच्या चालीत हरवलेल्या कोकराचा उपदेश गुणगुणू लागली. एका ओळीला एक टाका निघे. मघाशी शिवतानाही ती हेच गुणगुणत होती, हे थर्झाला आता आठवलं. टाका ओळीइतकाच लांब होता.

लॉक्रिजबाई चुलीकडे बघत होत्या. हुल्डा उगाचच सुई पुसत होती.

शेवटचे दोन-चार टाके राहिले तेव्हा थर्झानं त्यांवर तळवा ठेवला. "एवढे असू देत, मावशी. माझ्यासाठी."

"का गं? नख अडकेल ना. तेवढं ऐकू येतं मला अजून."

तिनं थर्झाचा हात हळूच बाजूला केला. राहिलेले टाके ओढले, दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि थर्झाच्या मुठीत दिला. "घे. कोपऱ्याला पुरेल."

अंगुस्तान चौकटीखाली सापडलं. ते खिशात टाकून ती निघाली. टेकाडापाशी ती रोजच्यासारखी थांबली. वाकून तिनं गवतावरून हात फिरवला, अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा, आणि गायीला हाक मारत उतरून गेली.